परवाना मालकाचा, पहारा पोराचा

लातूरहून रात्री मुंबईकडे निघणाऱ्या रेल्वेच्या सर्वसाधारण डब्यात निलंगा, औसा, अहमदपूर भागांतील जे तरुण दाटीवाटीने बसलेले असतात, त्यांतील कित्येक जण पुण्या-मुंबईत ‘सिक्युरिटी’त उभे राहण्यासाठी चाललेले असतात. नांदेडच्या स्थानकावर कंधार, मुखेड, देगलूरच्या मुलांचे हेच चित्र. यांतील अनेकांनी पोलीस भरतीसाठी दोन-तीन वर्षे पहाटे धावण्यात घालविलेली असतात. कोणाची उंची १६५ सेंटिमीटरला बोटभर कमी भरते, कोणी लेखी परीक्षेत मागे पडतो, कोणाचे वय उलटते. मग आधी गेलेल्या गावकऱ्याचा फोन येतो, आणि चौथ्या दिवशी हा मुलगा कोठल्या तरी इमारतीच्या फाटकावर काठी घेऊन उभा असतो.

चौथ्या दिवशी! कायद्याला हे मान्य आहे काय?

संसदेने २००५ साली खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम संमत केला आणि १५ मार्च २००६ पासून तो अमलात आला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार ‘पसारा’ असा होतो आणि या व्यवसायातील मंडळी ‘पसारा लायसन’ असेच म्हणतात. अंमलबजावणी पाहता हे नाव अगदीच सार्थ म्हटले पाहिजे. रक्षकाचे वय १८ ते ६५ असावे, त्याच्या चारित्र्याची पडताळणी झालेली असावी, तो शारीरिकदृष्ट्या पात्र असावा आणि त्याने विहित प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे, असे हा कायदा सांगतो. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांनी या प्रशिक्षणाचे मोजमापही दिले: वर्गातील १०० तास, प्रत्यक्ष कामाचे ६० तास, आणि तेही किमान २० कामकाजाच्या दिवसांत. माजी सैनिक व माजी पोलिसांना सवलत आहे. त्यांना ४० व १६ तास पुरतात. म्हणजे सीमेवर उमेदीची वर्षे काढून आलेल्या जवानालाही हा नियम सात दिवस वर्गात बसवितो, आणि कालपर्यंत सोयाबीनच्या रानात राबणाऱ्या मुलाला मात्र ठेकेदार एका शिट्टीवर आणि एका काठीवर ‘प्रशिक्षित’ ठरवून मोकळा होतो!

त्या १६० तासांत काय शिकवावयाचे, हे वाचले म्हणजे या लबाडीची किंमत कळते. आग विझविणे, प्रथमोपचार, गर्दीचे नियंत्रण, ओळखपत्रांची तपासणी, संशयास्पद स्फोटक वस्तू ओळखणे, आपत्तीच्या वेळी करावयाची हालचाल, स्वसंरक्षणाचा अधिकार, पोलिसांत फिर्याद कशी द्यावी, असे हे विषय आहेत. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बालके दगावली. त्या रात्रीच्या दोषांची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु कोठल्याही इमारतीत अपरात्री जागा असलेला माणूस बहुधा पहारेकरीच असतो. अग्निशामक नळकांड्याची खीळ कशी ओढावी, हे त्याला कोणी एकदा तरी दाखविलेले असते काय?

कायद्याच्या ज्ञानाचे तेच. चोर सापडला तर त्याला धरण्याचा अधिकार रक्षकाला सामान्य नागरिकाइतकाच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अशा माणसाला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. हे ठाऊक नसलेला मुलगा साहेबाच्या हुकुमावरून एखाद्याला रात्रभर खोलीत कोंडतो, चार तडाखेही लगावतो. गुन्हा मग त्याच्यावरच दाखल होतो. साहेब जबाबातही नसतो.

या साऱ्याचे मूळ परवान्याच्या रचनेत आहे. परवाना मिळतो तो संस्थेला. एका जिल्ह्यासाठी ५ हजार, पाच जिल्ह्यांपर्यंत १० हजार आणि संपूर्ण राज्यासाठी २५ हजार रुपये असे शुल्क कायद्यातच लिहिले गेले. प्रत्यक्ष पहारा देणाऱ्याच्या हाती मात्र संस्थेने दिलेले ओळखपत्र तेवढे राहते. नोकरी सुटली की तेही परत करावयाचे. ब्रिटनने २००१ च्या कायद्याने याच्या नेमके उलट केले. तेथे कंत्राटी रक्षकाला स्वतःच्या नावाचा परवाना घ्यावा लागतो, त्यासाठी आधी प्रशिक्षण पुरे करावे लागते, आणि मालक बदलला तरी परवाना त्याच्याच खिशात राहतो. प्रत्येक गोष्टीत विलायतेकडे पाहण्याची हौस असलेल्या आपल्या नोकरशाहीला नेमकी हीच गोष्ट दिसू नये, हे नवल होय.

आणि विलायतेपर्यंत जाण्याचे तरी काय कारण? १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला मंडळाचा आधार दिला, हे मोंढ्यात पोती वाहणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. त्याच धर्तीवर महाराष्ट्राने १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा केला. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे, आस्थापनेने वेतन भरावयाचे ते मंडळाकडे, अशी ती विचारपूर्वक केलेली रचना होती. संस्थांना सूट मिळते ती रक्षकांना याहून कमी अनुकूल लाभ मिळणार नाहीत या अटीवर. ही सूट ठेकेदारांना तोंडपाठ असते. अट कोणाला आठवते?

ठेकेदार म्हणतात, प्रशिक्षणाचा खर्च परवडत नाही. तो का परवडत नाही, याचे उत्तर मध्यमवर्गीय सोसायट्यांनी द्यावयाचे आहे. तीन दरपत्रके मागवून त्यांतील सर्वांत स्वस्त निवडणारे कार्यकारी मंडळ, ‘एवढ्या पैशांत बारा तास माणूस कसा मिळतो’, हे कधी विचारीत नाही. लातूरच्या शिकवणी वर्गांच्या परिसरात वसतिगृहांच्या रांगा उभ्या आहेत; आडगावचे पालक शेत गहाण ठेवून मुलींना तेथे ठेवतात. जेवणाचा डबा कसा आहे, याची ते दहा वेळा चौकशी करतात. फाटकावरच्या माणसाची पोलीस पडताळणी झाली आहे काय, हा प्रश्न मात्र ओठांवर येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकरणाने कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या पडताळणीचा प्रश्न साऱ्या राज्यासमोर आणला होता. चार दिवस गदारोळ झाला, इतकेच.

प्रशिक्षणाला माणसे मिळत नाहीत, असेही कोणी म्हणू नये. मुदखेडला आणि लातूरला केंद्रीय राखीव पोलीस दलाची प्रशिक्षण केंद्रे आहेत, चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे आहे, बाभळगावला राज्य पोलिसांचे आहे. देशाचे जवान ज्या दोन जिल्ह्यांत घडतात, तेथील मुलाला वीस दिवसांचे शिक्षण मिळू नये? या दलांतून निवृत्त झालेल्या आणि तालुक्याच्या गावी स्वस्थ बसलेल्या मंडळींनी मनावर घेतले, तर उदगीर, भोकर, किनवटलाही मान्यताप्राप्त वर्ग निघू शकतील. संस्थांना रक्षक नेमताना माजी सैनिक, माजी पोलीस आणि होमगार्ड यांना प्राधान्य देता येते, असे कायदाच सांगतो.

परंतु त्याआधी एक साधे काम प्रत्येक घराला करता येण्यासारखे आहे. मुलगा सुरक्षेच्या नोकरीवर निघाला की आईवडिलांनी संस्थेचा परवाना क्रमांक विचारावा, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र त्याच्या नावाने आणि त्याच्या हातात मिळेपर्यंत गणवेशाचे पैसे कापू देऊ नयेत, आणि आठ तासांपुढील कामाचा मोबदला दुप्पट दराने लिहून घ्यावा. ठेकेदार रागावेल. रागावू द्यावे, अशा ठेकेदाराकडे न गेलेलेच बरे.

राहता राहिली सरकारची गोष्ट. नियंत्रक प्राधिकारी म्हणून गृह विभागातील सहसचिव किंवा समकक्ष दर्जाच्या अधिकाऱ्याची नेमणूक कायद्याने सांगितली. राज्यभरच्या फाटकांवर काय चालते, ते त्याला खुर्चीवरून दिसणार नाही. प्रत्येक संस्थेने आपल्या रक्षकांची नावे, पत्ते, छायाचित्रे आणि वेतन यांची नोंदवही ठेवावी, असा कायदा आहे. ती तपासण्याचा अधिकारही त्याने दिला आहे, आणि प्रशिक्षणाची अट मोडणाऱ्यासाठी २५ हजारांपर्यंत दंड व परवाना रद्द करण्याची तरतूद त्यात केली गेली. तपासणीचा हा अधिकार जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाती सोपवून नांदेड आणि लातूरपासूनच आरंभ व्हावा. नोंदवहीतील वेतनाचा रकाना आणि मुलाच्या बँक खात्यात जमा झालेली रक्कम शेजारी शेजारी ठेवून पाहण्यास एका हवालदाराला एक दुपार पुरेल.