खर्रा, दारू आणि पोराचं ताट

पोरगं जेवत नाही, नुसत्या कुरकुऱ्यांच्या पुड्या मागतं, ही तक्रार चंद्रपूर जिल्ह्यातल्या मोहर्लीसारख्या गावांत नवी नाही. त्याच घरात बाप ताडोब्यात सकाळच्या सफारीवर उपाशीपोटी सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकून निघत असेल, तर ते मात्र कुणी पोराच्या ताटाशी जोडत नाही. जोडायला हवं. निकोटीन भूक मारतं. सुपारीने गालाची आतली त्वचा आखडते, तिखट भाजी झोंबते, पुढे घास घेण्याइतकंही तोंड उघडत नाही. दारूच्या रात्री जेवण भांडणात राहून जातं, आई उरलंसुरलं खाते किंवा तशीच निजते. भूक दाबणं, लपवून खाणं, मिळेल तेव्हा अधाशासारखं खाणं मूल तिथेच शिकू शकतं. प्रत्येक घरात असं होतंच असं नाही, आणि गरिबीचं खापर आईबापांवर फोडणं आम्हाला मान्य नाही.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे अभियान दारू-तंबाखूविरुद्ध गावोगाव झटतं आहे. चंद्रपुरात २०१५ ला आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. बंदीवर वाद घालणारे पोरांच्या जेवणाबद्दल फारसं बोलले नाहीत.

मुलाला खर्रा देणारा ठेलेवाला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस पात्र ठरतो. हे कलम पोलिसांनी वापरावं. आणि अंगणवाडीत वजन घेताना घरातल्या व्यसनाचीही आपुलकीने विचारपूस व्हावी. व्यसनमुक्तीचं शिबिर मोहर्लीतच भरावं, तेही पावसाळ्यात गाभा क्षेत्रातली सफारी बंद असताना, म्हणजे गाइड आणि जिप्सीचालकांना येता येईल.