कार्बोरेटर खोलण्याआधी

जुनी कार्बोरेटरची गाडी सकाळी सुरू झाली नाही, की निदान आधीच तयार असते : ‘कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला.’ भंडारा, तुमसर, साकोली, पवनी कुठेही प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर किंवा नव्वदच्या दशकातली मारुती ८०० बंद पडू द्या. बॉनेट उघडल्यावर पहिला पाना बहुतेक वेळा कार्बोरेटरलाच लागतो. हा क्रमच उलटा आहे, असे माझे म्हणणे आहे. इंजिन सुरू व्हायला चार गोष्टी लागतात : सेल्फने पुरेशा वेगाने फिरणे, प्लगवर वेळेवर पडणारी ठिणगी, पेट्रोल-हवेचे योग्य मिश्रण आणि पुरेसे कॉम्प्रेशन. यांपैकी काय कमी पडले ते पाहिल्याशिवाय एकही भाग खोलू नये.

प्रतिपक्षाचा सर्वांत मोठा पुरावा असा : कार्बोरेटर काढला, धुतला, परत बसवला आणि गाडी सुरू झाली, दोष तिथेच होता, हे आणखी कसे सिद्ध करायचे? पण त्या तास-दीड तासात आणखी काय काय घडले तेही पाहा. चोक ओढून आणि सेल्फ मारमारून ओव्हरफ्लो झालेल्या इंजिनातले पेट्रोल उडून गेले, भिजलेले प्लग वाळले. दमलेल्या बॅटरीला विसावा मिळाला. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातला ओलावा गेला, तापलेला पंप निवला. यांतल्या कोणत्याही एका कारणाने ती गाडी कार्बोरेटर न धुताही सुरू झाली असती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, याला निदान म्हणत नाहीत. शिवाय विनाकारण खोलण्याची किंमत असतेच : जुने गॅस्केट फाटते, मिश्रणाचा स्क्रू जागचा हलतो आणि गाडी जास्त पेट्रोल प्यायला लागते.

यंत्राची रचनाही या समजाविरुद्ध साक्ष देते. कार्बोरेटरचे जेट म्हणजे मोजून पाडलेली भोके, आणि हलणारे भाग मोजकेच. उलट डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा हिशेब करा. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर पॉइंट मिनिटाला ६,००० वेळा उघडझाप करतात आणि दर वेळी किंचित जळतात. एका तोंडावर खड्डा पडतो, दुसऱ्यावर टेंगूळ येते, आणि साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटरची फट बिघडते. दोषाचा स्वभावही वेगळा असतो. जेट अर्धवट तुंबला तर गाडी आचके देते, आयडलिंगला बंद पडते, पण चोक ओढल्यावर कशीबशी चालते. काल धडधाकट धावलेली गाडी आज सेल्फ फिरत असूनही दादच देत नसेल, तर संशय आधी करंटवर घ्यावा आणि नंतर पेट्रोल पोचण्यावर.

हा संशय फेडायला फार वेळ लागत नाही. जवळपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करून कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून काढावी, इन्सुलेटेड पक्कडीने तिचे टोक ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरावे आणि सेल्फ मारावा. टणटणीत निळी ठिणगी पडली, की कॉइल, पॉइंट, कंडेन्सर निर्दोष. शोध रोटर, झाकण आणि प्लगकडे सरकतो. ठिणगी पिवळट, मरगळलेली असेल किंवा पडतच नसेल, तर कार्बोरेटरला हात लावण्याचे कारणच उरत नाही. करंट ठीक असेल तर इग्निशन बंद करून एअर फिल्टर काढावा आणि थ्रॉटल झटकन ओढावे. अ‍ॅक्सिलरेटर पंप असलेल्या कार्बोरेटरच्या गळ्यात पेट्रोलची बारीक धार दिसली, म्हणजे टाकीपासून फ्लोटच्या वाटीपर्यंतची वाट मोकळी आहे. फ्युएल पंप पेट्रोल देतो आणि तरीही धार येत नाही, तेव्हाच कार्बोरेटर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

भंडाऱ्याच्या हवेत तर हा क्रम अधिकच गरजेचा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो. नागपूरहून महामार्गाने आलेली गाडी साकोलीला घटकाभर थांबली, की इंजिनालाच जोडलेल्या पंपात आणि नळ्यांत पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. तापलेली कॉइल दम सोडते तेव्हाही हुबेहूब हेच घडते. लक्षण एक, कारणे दोन. पंपावर ओले फडके टाकायचे की कॉइल बदलायची, हे ठिणगी पाहूनच ठरते. २०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या महापुराचे पाणी भंडारा शहरातल्या वस्त्यांत शिरले होते. तशा पाण्यात बुडालेल्या गाडीचा क्रम चुकला तर इंजिनच हातचे जाते, कारण सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तिथे आधी प्लग काढून पाणी बाहेर काढावे लागते.

आता नवा आक्षेप येतो इथेनॉलचा : २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलने जुन्या कार्बोरेटरची वाट लावली. यात तथ्य आहे. इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषते. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसू शकते. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा फुगतो, ठिसूळ होतो. पण हेही डोळ्यांनी दिसणारे आहे. टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, खाली वेगळा थर दिसतो का पाहा. थर दिसला तर आधी टाकी रिकामी करायला हवी. नुसता कार्बोरेटर धुतला तर तेच पाणी त्यात पुन्हा येईल.

शेवटचा आक्षेप अनुभवाचा. मुरलेल्या मिस्त्रीला आवाजावरून कळते, त्याला परीक्षेची काय गरज? कळते, हे खरेच. पण त्याचा कान अशा शेकडो तपासण्यांतून तयार झालेला असतो, आणि असा मिस्त्री आजही खोलण्याआधी करंट पाहतोच. त्याची नक्कल करणारा फक्त निष्कर्ष उचलतो, तपासणी सोडून देतो. नव्या गाडीचा स्कॅनरही दोष कोणत्या सर्किटमध्ये आहे एवढेच सांगतो. पुढचे तपासणे माणसालाच करावे लागते. जुन्या इंजिनाचे मोठेपण हेच, की लाखांदूरच्या छोट्या गॅरेजमध्येही एक बल्ब, एक पक्कड आणि शांत डोके एवढ्यावर ते आपला दोष सांगते.

ही चुकीची रीत टिकली, त्यात गाडीवाल्यांचा वाटा मोठा आहे. खोलण्याची मजुरी आपण देतो, तपासण्याची देत नाही. मिस्त्रीने पाच मिनिटांत पॉइंटचा दोष काढला तर ‘केले काय एवढे?’ म्हणून घासाघीस करतो, आणि सगळे सुटे करून मांडले की समाधानाने पैसे मोजतो. मग तो खोलणारच. म्हणून ‘कार्बोरेटर साफ करून द्या’ असे फर्मान सोडू नये. ‘करंट पाहिला का, पेट्रोल पोचते का?’ असे विचारावे, आणि दोष शोधून देणाऱ्याला त्या शोधाचे पैसे खळखळ न करता द्यावेत.