जिच्यावर ओरडता येते ती

खामगावात विमानतळ नाही. विमान धरायचे तर आपण आदल्या रात्रीच गाडी काढून नागपूर नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठतो, आणि जागरणाने आंबलेला माणूस चिडका होणारच. १८७० साली लॉर्ड मेयोच्या हजेरीत जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून आपण गर्दीचे प्रवासी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणे आपण चालायला शिकण्याआधी शिकलो. म्हणून बोर्डिंग पासवर आसनाचा क्रमांक छापलेला असूनही आपण दारावर रेटारेटी करतो आणि चाके जमिनीला टेकताच डोक्यावरच्या बॅगा ओढू लागतो. ही टंचाईने लावलेली खोड आहे, ती माफ करता येईल. दुसऱ्या एका खोडीला मात्र टंचाईचे निमित्त पुरत नाही.

गेल्या हिवाळ्यात नागपूरला आमचे दिल्लीचे विमान धुक्यामुळे चार तास अडले. आपल्याच भागातले एक प्रतिष्ठित गृहस्थ काऊंटरवर गेले आणि तिथल्या विशीतल्या मुलीला म्हणाले, ‘ए पोरी, तुले काही समजते का?’ ती खाली बघत माफी मागत राहिली. पाचच मिनिटांपूर्वी हेच गृहस्थ बंदूकधारी जवानाला विचारत होते, ‘साहेब, बॅग इथं ठेवली तर चालंन ना?’ संताप खरा असता तर त्याने माणूस पाहून आवाज बदलला नसता. मी शेजारीच बसलो होतो. बोललो नाही, उलट आपल्या वतीने कुणीतरी सुनावते आहे, याचे आतून बरेच वाटले.

कुणापुढे वाकायचे आणि कुणाला ‘ए’ म्हणायचे, हे आपण घरातच शिकलो. सालदार, मोलकरीण, झाडूवाला यांच्याशी वडील कोणत्या सुरात बोलतात, ते ऐकत आपण वाढलो. त्या सुराला पिढ्यान्‌पिढ्यांच्या जातीचे अस्तर आहे. तोच सूर घेऊन आपण बाबासाहेबांचे नाव लावलेल्या विमानतळात शिरतो आणि ओली फरशी पुसणाऱ्या बाईच्या कामावरून चिखलाचे बूट नेतो. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले आणि त्यांची तयारी वरच्यांनी केली नव्हती. शिव्या मात्र काऊंटरवरच्या पोरांनी खाल्ल्या. ‘तिथे आपली मुलगी असती तर?’ असे अशा वेळी विचारण्याची पद्धत आहे. मला तो प्रश्नच लाजिरवाणा वाटतो. ती आपली कुणी लागत नसेल, तर काय?

आणि आपल्याला वेगळे वागता येत नाही, असेही नाही. जवळच्याच शेगावात हीच माणसे दर्शनबारीत तासन्‌तास उभी राहतात. सेवेकऱ्याने हात जोडून ‘माउली’ म्हटले की मागे सरकतात, ‘मी कोण आहे माहीत आहे का’ असे कुणी दरडावत नाही. ती रांग आपणच लावली, आपणच पाळली.

विमान अखेर सुटले. त्याच मुलीने दारात पास तपासले आणि प्रत्येकाला ‘शुभ प्रवास’ म्हटले. ते गृहस्थ मोबाईलमध्ये बघत पुढे गेले. त्यांच्यामागे मी होतो. मीही बघितले नाही.