सूर्यास्त कोणाच्या खुर्चीतून?

रिसॉर्टच्या बारमध्ये पेला हाती घेऊन पाहिलेला सूर्यास्त ही निव्वळ निसर्गानुभूती नव्हे. उष्ण कटिबंधात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, संधिप्रकाश लवकर विरतो. ही क्षणभंगुरताच तेथे विकली जाते. जिन-टॉनिकमधला कडवटपणा क्विनाइनचा, म्हणजे हिवतापाला भ्यालेल्या साहेबाचा वारसा. गोव्यात शेजारी काजूची फेणी असते. तो काजूही पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. याच किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या मच्छीमारांनी १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध लढा दिला. आपल्या प्रवासवर्णनांतला समुद्र मात्र बहुधा खुर्चीतूनच दिसतो. वर्णन सुंदर आहे का, एवढ्यावर समीक्षेने थांबू नये; ते कोठे बसून केले आहे, हेही विचारायला हवे.