‘अनुरूप’ या शब्दाची विटंबना

‘अनुरूप स्थळ पाहिजे’ ही मागणी आपल्या समाजात इतकी रुळली आहे की तिचा अर्थ विचारणारा मनुष्य वेडा ठरावा. तरीही तो विचारला पाहिजे. अनुरूप म्हणजे एकमेकांस शोभणारे, स्वभावाने जुळणारे, असा या शब्दाचा सरळ अर्थ. परंतु परप्रांती राहणाऱ्या आपल्या नोकरदार मंडळींत ज्या परिचयपत्रिका हातोहाती फिरतात, त्या चाळल्या म्हणजे त्याचा चालू अर्थ कळतो. मुलगा असल्यास मासिक प्राप्ती, पुण्या-मुंबईस स्वतःची जागा, अंगावर जबाबदारी नाही. मुलगी असल्यास गोरी, सडपातळ, सुस्वरूप, आणि शिवाय मिळवती. स्वभावाला शेवटची एक ओळ मिळते, आणि तीत सर्वच मुले निर्व्यसनी व सर्वच मुली मनमिळाऊ असतात. ज्या रकान्यात प्रत्येकाचे उत्तर एकच असते तो रकाना कोणी वाचीत नाही, हे आपणा कचेरीतील माणसांना सांगावयास नको.

विवाहात पैशाचा शिरकाव आजचा नव्हे. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. त्यातील कांचनभट द्रव्यलोभाने आपली अजाण मुलगी भुजंगनाथ या जरठ श्रीमंताला द्यावयास निघतो. आपण आज ज्या म्हैसुरात नोकरी करतो, त्या संस्थानाने तर त्याच्याही आधी, १८९४ साली, कायद्याने आठ वर्षांखालील मुलींचे विवाह आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषांचे चौदा वर्षांखालील मुलींशी होणारे विवाह यांस बंदी घातली होती. शारदेचा बाप पैसे घेत होता, इतर असंख्य बाप ते मोजीत होते. १९६१ साली हुंडा प्रतिबंधक कायदा झाला. हुंडा हा शब्द गेला आणि त्याच्या जागी ‘हौस’ आली. व्यवहार तोच राहिला.

रंगाचेही तेच. २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाचे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झाले, आणि त्याच वर्षी ‘शादी डॉट कॉम’ला स्थळे निवडताना वर्णाची चाळणी लावण्याची सोय लोकांच्या तक्रारीमुळे काढून टाकावी लागली. म्हणजे नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांनाही ज्याची लाज वाटू लागली, ते आपल्या सुसंस्कृत घरांतून ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’ अशा छटा पाडून अजून लिहिले जाते. सावळ्या विठ्ठलापुढे माथा टेकणाऱ्या समाजाला सावळी सून चालत नाही, यापरते ढोंग कोणते?

प्राप्तीविषयी तर बोलावयासच नको. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात कनिष्ठ लिपिकाचे आरंभीचे मूळ वेतन १९,९०० रुपये, तर गट ‘अ’मध्ये प्रवेश करणाऱ्या अधिकाऱ्याचे ५६,१०० रुपये ठरले. हा फरक कामाचा व जबाबदारीचा आहे. दुसरा मनुष्य पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट चांगला नवरा होईल, असे आयोगाने कोठेही म्हटलेले नाही. ते आपण म्हणतो. ‘तोलामोलाचे घर’ हा आपला शब्दप्रयोगच पाहा: तोल आणि मोल! बाजाराची कबुली भाषेनेच देऊन ठेवली आहे.

या बाजाराचा शेवट कोठे होतो हे पाहण्यास दूर जाणे नको. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या मंड्या जिल्ह्यातील अविवाहित तरुण, बहुतेक शेतकरी, लग्न जमावे एवढे एकच मागणे घेऊन मलै महादेश्वराच्या डोंगराकडे पायी निघाले. त्यापूर्वी दोनच महिने, डिसेंबर २०२२ मध्ये, सोलापुरात तरुणांनी नवरदेवाचा वेष करून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. पुष्कळांना ही गंमत वाटली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, केंद्राने १९९४ साली केला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ साली ८९४ वर आली. ज्या मुली जन्मासच येऊ दिल्या नाहीत, त्या वधू होऊन येणार कोठून?

यावर ठरीव उत्तर असे, की मुलींच्याच अपेक्षा वाढल्या. हा आरोप करणाऱ्यांनी स्वतःच्या घरातील दप्तर तपासावे. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली दिला. आणि किती घरांतून बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात? जिला बापाने जमीन नाकारली, तिने नवऱ्याचा पगार विचारला तर तो लोभ नव्हे. ती तिची एकमेव तारणव्यवस्था आहे. पिढ्यान्‌पिढ्या जिला तराजूत बसविले, ती आज तराजू हाती धरू लागली, याचे नवल ते काय?

कोणी म्हणेल, केवळ प्रेमावर संसार होतो काय, भाकरी नको काय? भाकरी हवीच. परंतु दोघांची भाकरी निघते का हा एक प्रश्न, आणि शेजाऱ्याच्या जावयापेक्षा आपला जावई वरच्या श्रेणीचा आहे का हा दुसरा. पहिला शहाणपणाचा, दुसरा मत्सराचा. आपण दुसरा विचारतो आणि पहिल्याचे नाव सांगतो. रूपाचेही असेच. दोघांनी एकमेकांस पाहून आवडनिवड ठरवावी, हा त्यांचा अधिकार. तिऱ्हाइतांनी कागदावर रंगाची प्रत लावावी, हा कोणाचाच नव्हे.

परप्रांतातील आपली मंडळे गणेशोत्सव करतात, नाटके बसवितात, वधूवर मेळावेही भरवितात. त्यांच्या हाती अर्ज छापण्याचा तरी अधिकार आहे. त्या अर्जातून वर्णाचा रकाना काढावा. पगाराच्या जागी ‘स्वतःचा निर्वाह करू शकता काय’ एवढेच विचारावे. बदली झाल्यास कोण कोणाबरोबर जाणार, घरकाम कसे वाटून घेणार, मुलीच्या नावावर माहेरने काय ठेवले, हे विचारावे. आणि मुलगा व मुलगी दोघांनाही एकच अर्ज द्यावा. त्याने बाजार बंद होणार नाही, हे खरे. पण निदान दुकानाची पाटी आपल्या दारावर राहणार नाही.