सैन्यभरतीत 'अनफिट' : फेरतपासणीची संधी आणि वस्तीची जबाबदारी

अग्निवीर भरतीचा निकाल लागला की वस्त्यावस्त्यांत अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. लेखी परीक्षेत पास, १.६ किलोमीटरच्या धावण्यात पास आणि शेवटी मेडिकलमध्ये बाद झालेल्या मुलाचा फ्लेक्स कुणी लावत नाही. तो गावात येतो, चार दिवस घराबाहेर पडत नाही आणि मग मिळेल त्या कामाला लागतो. वस्त्यांमध्ये काम करताना अशी मुले आम्हाला दर भरतीनंतर भेटतात. त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात : "सर, मेडिकल वेव्हर मिळतो का?" आणि "नाहीतर कुठे सेटिंग होते का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर वेळेवर मिळत नाही म्हणून मूल दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. म्हणून आधी पहिल्याचे उत्तर देऊ.

'वेव्हर' हा शब्द आपल्या मुलांपर्यंत बहुतेक यूट्यूबवरून आला आहे. तो मुळात अमेरिकेच्या सैन्यातला. तिथे वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलेल्या उमेदवाराचा विचार त्या त्या दलाचे अधिकारी पुन्हा करू शकतात. दोष आहे हे मान्य करूनही 'याला घेऊ' असे ते म्हणू शकतात. म्हणजे ती दोषाला दिलेली सूट असते. आपल्याकडच्या शिपाई भरतीत अशी सूट मागण्याची वाट नाही. आपल्याकडे आहे ती फेरतपासणी. तिच्यात 'दोष आहे, पण घ्या' असे म्हणता येत नाही. 'दोष नाही, पुन्हा बघा' किंवा 'होता, आता बरा झाला, पुन्हा बघा' एवढेच म्हणता येते. हा फरक कळला नाही तर मुलगा दयेचा अर्ज लिहीत बसतो आणि खरी मुदत निघून जाते.

लष्कराच्या भरतीत मैदानावरच्या डॉक्टरांनी अनफिट ठरवले की उमेदवाराला नेमून दिलेल्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये तज्ज्ञाकडे पाठवले जाते. अलीकडच्या जाहिरातींनुसार त्याने पाच दिवसांच्या आत तिथे हजर व्हायचे असते आणि चौदा दिवसांत ती तपासणी पूर्ण व्हावी लागते. तज्ज्ञाचा निर्णय अंतिम. तिसरी तपासणी नाही. हे पाच दिवस फार महत्त्वाचे आहेत. कागद इंग्रजीत असतो, मुलगा निराश असतो, प्रवासाचे पैसे नसतात आणि घरचे म्हणतात, "जाऊ दे, नशिबात नव्हतं." ज्या घरात आधी कुणी फौजेत होते, तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला गाडीत बसवून देतात. दोन्ही मुलांचा दोष एकच असू शकतो. फरक पडतो तो घरातल्या माहितीचा.

बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ यांसारख्या केंद्रीय दलांत रिव्ह्यू मेडिकल असते. पूर्वी डॉक्टरांचा दाखला आणून अपील करायला काही दिवस मिळत. आता तपासणी आणि फेरतपासणी जवळजवळ लागोपाठ उरकतात, त्यामुळे तिथे जी तयारी करायची ती आधीच केलेली हवी. अधिकारी होण्यासाठी एसएसबी मुलाखत पार केलेल्यांची वाट वेगळी आहे. त्यांना अपील मेडिकल बोर्डासाठी ४२ दिवस मिळतात. त्यानंतरचे रिव्ह्यू मेडिकल बोर्ड मात्र हक्काने मिळत नाही, ते वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या निर्णयावर असते.

कोर्टात जाता येते का? जाता येते, पण आशा मोजून ठेवावी. खासगी डॉक्टरने 'फिट' लिहून दिले म्हणून न्यायालय दलाच्या डॉक्टरांचा निर्णय फिरवत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ च्या एका निकालात याची सूत्रे मांडली आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीत बाद करण्याची कारणे वेगळी असतील, किंवा ज्या दोषासाठी तज्ज्ञ हवा तिथे तज्ज्ञच नसेल, तर न्यायालय पुन्हा तपासणी करायला सांगू शकते. दोन्ही तपासण्यांनी तोच दोष स्पष्ट नोंदवला असेल तर सहसा काही होत नाही. वकिलाच्या फीसाठी बैल किंवा दागिना विकण्याआधी हे दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत. लष्कराला माहिती अधिकार लागू आहे, तिथे स्वतःच्या तपासणीचे कागद मागता येतात. केंद्रीय दलांपैकी बहुतेक दले त्या कायद्याच्या कक्षेतून बरीचशी वगळलेली आहेत, म्हणून तिथे जागेवर मिळालेला कागदच जपून ठेवायचा.

आता दोषांकडे पाहू. आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या कागदांवर वारंवार दिसतात ते हे : कानात साचलेला मळ, पडद्याला भोक, किडलेले दात, कमी वजन, हायड्रोसील, व्हेरिकोसील, मूळव्याध, गुडघे एकमेकांना लागणे, सपाट तळवे, रंग ओळखण्यातला दोष. यातले शेवटचे जन्मजात आहे, त्याला उपाय नाही. गुडघे आणि तळव्यांच्या बाबतीतही फारसे काही हाती नसते. पण कानातला मळ? तो ग्रामीण रुग्णालयात काही मिनिटांत निघतो. दात भरता येतात. हायड्रोसीलची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात होते, फक्त ती जखम पूर्ण भरायला वेळ द्यावा लागतो. भरतीच्या पाच दिवसांत ते होत नाही. सहा महिने आधी सहज होते.

समाजशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर 'वैयक्तिक दोष' म्हणून कागदावर येणाऱ्या यातल्या कित्येक गोष्टी वस्तीच्या परिस्थितीतून शरीरात उतरलेल्या असतात. लहानपणी कान वाहत होता आणि तेल घालून भागवले. दात दुखला तेव्हा तंबाखूची मिसरी लावली. आई ऊसतोडीला गेली आणि मूल कोपीत वाढले. शून्य ते अठरा वयाच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, आणि कान, दात, डोळे हे सगळे त्यात येते. आपल्या शाळेत ते पथक कधी आले, त्यांनी कुणाला पुढे पाठवले आणि तो मुलगा खरोखर गेला का, हे आपण विचारले आहे का? भरतीच्या मैदानावरचा 'अनफिट' हा शिक्का पुष्कळदा चौथीच्या वर्गातच तयार होतो.

एक गोष्ट खास आपल्या तरुणांची. हातावर, दंडावर, छातीवर, मानेवर 'जय भीम', बाबासाहेबांची सही किंवा धम्मचक्र गोंदवून घेण्याची मोठी लाट आहे. त्यामागचे प्रेम आम्हाला कळते. पण लष्कराच्या नियमानुसार टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या पाठीमागे चालतो. केंद्रीय दलांत तो डाव्या हातावर असावा लागतो, कारण उजवा हात सलामीचा. छातीवरची सही कितीही सुंदर असली तरी मुलगा तिथे बाद होतो. फौजेत जायचे असेल त्याने सुई लावण्याआधी नियम वाचावा.

मेडिकलच्या आधी उंचीचा टप्पा असतो आणि तिथे 'सवलत' हा शब्द नियमातच आहे. अग्निवीर जनरल ड्युटीसाठी महाराष्ट्रातल्या उमेदवाराला १६८ सेंटिमीटर उंची लागते. सैनिक आणि माजी सैनिकांच्या मुलांना २ सेंटिमीटरची सूट आहे. ज्यांचे आजोबा-पणजोबा फौजेत होते, पण वडील नव्हते, त्यांना ती नाही. केंद्रीय दलांच्या कॉन्स्टेबल भरतीत पुरुषांना १७० सेंटिमीटर लागते, मात्र गढवाली, कुमाऊँनी, डोगरा आणि मराठा यांना १६५ पुरते. अनुसूचित जमातींना वेगळी सूट आहे, अनुसूचित जातींना उंचीत सूट नाही. एकाच गावातली, एकाच मातीत वाढलेली, एकाच रेशनचे धान्य खाल्लेली दोन मुले. एकाची १६६ उंची चालते आणि दुसऱ्याची चालत नाही, हे कसे? या सवलतीसाठी तहसीलदारांनी द्यायच्या दाखल्याच्या नमुन्यात मात्र अमुक भागातले सर्व रहिवासी गढवाली, डोगरा, मराठा वगैरे मानले जातात, अशी भाषा आहे. म्हणजे नमुना भागाबद्दल बोलतो. आमचे म्हणणे एवढेच की आपल्या मुलांनी हा दाखला लेखी अर्ज करून मागावा आणि नकार मिळाला तर तोही लेखी घ्यावा. कारण नकाराचा कागद हाती असेल तरच पुढे प्रश्न विचारता येतो.

कागदाचे हे महत्त्व आपल्या समाजाला नवे नाही. सुभेदार रामजी सकपाळांची पिढी फौजेत होती. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी 'लढाऊ जाती'च्या सिद्धांतावर महारांची भरती थांबवली. तो नकार कुणा एकाच्या गुडघ्याला किंवा कानाला नव्हता, संपूर्ण जातीला होता. त्यावर फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये विनंतीअर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, महारांची पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडली गेली. बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. जवळपास पन्नास वर्षांचा हा पाठपुरावा आहे. त्या लोकांनी सेवेचा पुरावा मांडून नियमाला प्रश्न विचारला. आज नकार शरीराच्या नावाने येतो आणि तो पुष्कळदा योग्यही असतो, कारण तिथे जायचे तर शरीर धडधाकट लागतेच. पण योग्य नकार आणि अयोग्य नकार वेगळा करायचा तर तपासायचे कसे, हे माहीत हवे.

म्हणून विहारांच्या समित्यांना, मंडळांना आणि कार्यकर्त्यांना आमच्या काही सूचना आहेत. जयंतीच्या खर्चातला थोडा भाग वर्षातून एका भरतीपूर्व तपासणी शिबिराला द्यावा. कान, दात, डोळे, वजन, हर्निया-हायड्रोसील एवढे पाहणारे दोन डॉक्टर पुरतात. फौजेतून निवृत्त झालेल्या समाजबांधवांची यादी करून प्रत्येक भरतीच्या वेळी त्यांच्यापैकी एकाचा फोन मुलांना द्यावा. अनफिट ठरलेल्या मुलाला मिलिटरी हॉस्पिटलपर्यंत जायला लागणारे भाडे मंडळाने उसने द्यावे. बार्टीच्या पोलीस व सैन्यभरतीपूर्व प्रशिक्षणात प्रवेशाच्या दिवशीच पूर्ण वैद्यकीय तपासणी सक्तीची असावी, अशी मागणी लावून धरावी. आणि दलालाला एक रुपयाही देऊ नये. भरतीत पैसे लागत नाहीत, आणि 'फिट करून देतो' म्हणणारा माणूस निकाल आपोआप चांगला लागला की पैसे ठेवतो, वाईट लागला की फोन बंद करतो.

शेवटी त्या मुलांसाठी. तज्ज्ञाने दुसऱ्यांदा नाही म्हटले तर ते स्वीकारावे लागेल. वयात बसत असाल आणि दोष बरा होणारा असेल तर पुढच्या भरतीला या. नसेल तर हेही लक्षात ठेवा की अग्निवीराची नोकरी चार वर्षांची आहे आणि त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांनाच पुढे कायम केले जाते. जो फिट ठरला त्यालाही तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी दुसरी वाट शोधावी लागू शकते. तुम्ही ती आज शोधाल. 'अनफिट' हा शब्द एका नोकरीच्या एका कागदावरचा आहे. वस्तीत फिरताना तो तुमच्या नावाला जोडला जाणार नाही, हे पाहणे आम्हा सगळ्यांचे काम आहे.