सोसणं आम्हाला शिकवू नका

निपाणीहून म्हैसूरला नर्सिंगला आले, घरातली पहिली पदवीधर व्हायला. वॉर्डात जात कळली आणि माझ्या वाट्याला रोज बेडपॅनच. कॅन्युला लावायची संधी इतरांना. न केलेल्या कामापुढेही लॉगबुकात सही मिळाली. परीक्षेत हात थरथरला, तेव्हा मात्र तणावमुक्तीचं व्याख्यान!

सोसणं आम्ही घरूनच शिकून आलोय. हात बसतो तो सरावाने.

बेडपॅन देण्यात कमीपणा नाही. सावित्रीमाई १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. प्रश्न वाटणीचा आहे. ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा म्हणून म्हैसूर संस्थानाने १९१८ मध्ये मिलर समिती नेमली होती. वॉर्डातली वाटणी कोण तपासणार?

कामं पाळीने द्या, यादी भिंतीवर लावा. आणि मैत्रिणींनो, न केलेल्या कामाची सही घेऊ नका. ते काम मागून घ्या.